ओव्हर संपायच्या आत

बाजाराच्या दिवशी दुपारी वहिनी स्टोवर भाजली. तिसऱ्या दिवशी ती गेली. ती भाजली तेव्हा माझा भाऊ भोरच्या पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसून क्रिकेटच्या सामन्याची हकीकत लोकांना मराठीत सांगत होता.

आमचे शेजारी शिंपीकाका धावत आले आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले. त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. दादा बोलायचा थांबला. रेडिओ आत चालूच होता, पण तो इंग्रजीत. समोरच्या गर्दीला वाटलं, आपला कोणी खेळाडू बाद झाला म्हणून याचं तोंड असं झालं. मागून दोघातिघांनी ओरडून विचारलं, "कोन गेला? अवं सांगा की, कोन गेला?"

मी समोरच्या कासाराच्या ओट्यावर उभी होते. ते ओरडणं मी ऐकलं आहे. दादाही आयुष्यभर ते ऐकत राहिला असावा. तो कधी त्याबद्दल बोलला नाही.

ही गोष्ट भोर संस्थान विलीन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आमचं मूळ घर उत्रोलीचं. वडील लवकर गेले. शाळेसाठी आई आम्हाला भोरला घेऊन आली आणि पुढे तीही गेली. दादा मॅट्रिक झाला. नोकरी त्याला मानवली नाही, म्हणून कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. घरात आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी.

वहिनी मार्गासनीची. तिचं शिक्षण झालं नव्हतं. मी तिला अक्षरं शिकवायला बसले की ती पाटीवर भाताच्या लोंब्या काढायची आणि म्हणायची, "वन्सं, माझं शिक्षान हे असं. पाखरं बसली तरी खरं वाटंल."

पेठेतल्या त्या दुकानात साबण, काड्यापेट्या, कंदील, घमेली, खिळे, सगळंच मिळे. दुकानदाराने रेडिओ घेतला तो गिऱ्हाइकं यावीत म्हणून. छपरावर तार ताणली, फळीवर लाकडी पेटी ठेवली. कसोटी सामना असला की माणसं जमायची. पण बोलणं सगळं इंग्रजी. हायस्कुलात क्रिकेट खेळलेली चार मुलं सोडली तर कोणाला काही उमगत नसे. मग दुकानदाराने दादाला बोलावलं. दादा पायरीवर बसायचा, एक कान आत ठेवायचा आणि ऐकलेलं लगेच मराठीत सांगायचा. लोक एखादं कथाकीर्तन ऐकावं तसे मांडी घालून ऐकायचे. उत्रोलीचे भात पिकवणारे, वेल्ह्याकडच्या वरच्या वाड्यांमधून तूप आणि बकरी विकायला उतरलेले धनगर, कचेरीत तारखेला आलेले, सगळे. खेळ त्यांना कळत नसे. तरी गोलंदाज धावत निघाला असं दादा म्हणाला की पुढचे लोक पाय आखडून घेत.

दुकानदाराला गर्दी मिळाली, पण विक्री होईना. चहापानाची वेळ झाली की तो स्वतः उभा राहून दुकानातल्या सगळ्या मालाची नावं खणखणीत आवाजात वाचायचा. तेवढ्यात सगळे उठायचे. कोणी आडोशाला, कोणी चहाच्या टपरीवर. दुकानदार रिकाम्या रस्त्याला साबण सांगत राहायचा.

"तुम्ही सांगा," तो दादाला म्हणाला. "तुमचं ऐकतात."

दादाने पहिल्यांदा सांगितलं ते चालू ओव्हरमध्ये. तेवढ्यात एक खेळाडू बाद झाला आणि ते सांगायचं राहिलं. एक म्हातारा उठून उभाच राहिला. "तुझा साबन घाल चुलीत! बाद कोन झाला त्ये सांग आदी!" सगळी पेठ हसली. घरी येऊन दादाने ते नक्कल करून सांगितलं. वहिनी हसून हसून भाकरी करायची थांबली.

पण दादा गोष्टीचा विचार करणारा होता. जेवताना तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. तो म्हणाला, ओव्हर संपली की मैदानातले खेळाडू जागा बदलतात. तेवढ्यात काही घडत नाही, पण आता घडणार म्हणून माणूस उठतही नाही. तिथे एक वाक्य बसतं. दोन बसत नाहीत. एखादा फलंदाज शतकाजवळ आलेला असला तर ते वाक्य सगळ्यात खोल जातं, कारण त्या वेळी लोक श्वास धरून असतात, आणि श्वास धरलेल्या माणसाच्या कानाला दार नसतं.

दुसरं, वाक्य रोज तेच पाहिजे. अर्जासारखंच, तो म्हणाला. साहेब पहिली ओळ वाचतो आणि शेवटची. मधलं वाया. म्हणून मधलं ठेवायचंच नाही. शिवाय मालाची स्तुती करायची नाही. स्तुती सगळेच करतात. घरातली एखादी गोष्ट डोळ्यांपुढे उभी करायची.

तिसरं त्याला सगळ्यात शेवटी कळलं आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आवाज बदलायचा नाही. धावा ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात हेही सांगायचं. आवाज बदलला की माणूस सावध होतो, आता विकणं सुरू झालं म्हणतो. आवाज तोच राहिला तर ते त्याला खेळातलंच वाटतं.

त्या हिवाळ्यात दुकानदाराने पितळी स्टो आणले होते. पंप मारायचे, घासलेटवर चालणारे. भोरमध्ये वकिलांकडे, डॉक्टरांकडे असे स्टो होते. बाकीच्यांकडे चूल. दादाने त्यांच्यासाठी एक वाक्य केलं. ते असं होतं: "ओव्हर संपायच्या आत चहाला आधण, पितळी स्टो, ह्याच दुकानात."

एवढंच. मी स्वतः कासाराच्या ओट्यावरून ते ऐकलं आहे. गोलंदाज परत निघाला, अमक्या धावा झाल्या, ओव्हर संपायच्या आत चहाला आधण, पितळी स्टो, ह्याच दुकानात, आता दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी. कुठे सांधा दिसत नसे. दोन दिवसांत पुढच्या रांगेतले लोक त्याच्याबरोबर ते म्हणू लागले. स्टो खपू लागले.

आणि एक गोष्ट झाली, जी त्याने योजली नव्हती. वरच्या वाड्यांमधून येणाऱ्या लोकांना वाटू लागलं की हे रेडिओच सांगतो. इंग्रजीत काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. दादा ते मराठी करून सांगतो एवढं ठाऊक होतं. मग दादा जे जे बोलेल ते सगळं तिकडून आलेलंच असणार. एकदा दोन धनगर दुकानासमोर बोलत होते.

"ह्यो बाबा तिकडं मुंबईत बसून आपल्या पेठंतलं दुकान कसं काय वळखतो रं?"

"सरकारचा मानूस हाय त्यो. सरकारला समदं ठावं असतंय."

"मग माजी हरवल्याली शेळी कुठं हाय, इचार की त्याला."

दादाने हेही घरी सांगितलं. मी हसले. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "मग सांगा की त्यास्नी, बोलतोय त्यो मीच म्हणून."

"सांगितलं," दादा म्हणाला. "ते म्हणाले, तुम्ही नुसतं मराठी करता. बोलतो तो."

"तुमाला पन आवडतंय त्ये," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बगा वन्सं, तुमचा भाऊ साऱ्या मुलखाला स्टो इकतोय, अन् त्याच्या घरात बायको फुकणी फुकतीया. डोळं बगा माजं."

"तुला पाहिजे का?" दादाने विचारलं.

"नगं बया. त्यो फुसफुसतो. नागावानी."

आमच्या घरात स्टो आला तो दादाने आणला नाही. वहिनीच्या वडिलांनी आणला. वहिनी आणि मी त्यांना आबा म्हणत असू, दादा मामा म्हणायचा. मार्गासनीच्या लोकांचा बाजार तसा नसरापूरचा. पण लेक भोरला दिल्यापासून आबा अधूनमधून इकडच्या बाजाराला यायचे, एस.टी. मिळाली तर एस.टी.ने, नाहीतर एखाद्या लॉरीवर. पेठेत गर्दी दिसली की तेही बसायचे. जावई पायरीवर बसून बोलतो आणि एवढे लोक ऐकतात, हे पाहून ते मान हलवत.

संक्रांतीच्या सुमाराला ते आले ते घोंगडीत काहीतरी गुंडाळून. ओट्यावर बसले, घोंगडी सोडली, आणि आतून नवा कोरा पितळी स्टो निघाला.

"आबा, ह्ये कशापायी?" वहिनी म्हणाली.

"तुझ्या डोळ्यापायी," आबा म्हणाले. "लगीन केलं तवा काय दिलं न्हाई तुला. आता घे संक्रांतीचं."

दादा संध्याकाळी आला आणि स्टोकडे बघत उभा राहिला. "मामा, मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

"तुमाला काय इचारायचं, जावईबापू? रेडिओनं सांगितलं. म्या कानानं ऐकलं. मुंबईचा मानूस खोटं कशाला बोलंल?"

"मामा, ते रेडिओनं नाही. ते मी म्हणतो. दुकानदार सांगतो आणि मी म्हणतो."

आबा हसले. दातांची फट दिसली. "तुमी मराठी करता. तुमी शिकल्यालं मानूस, तुमी पदरचं कशाला घालाल?"

वहिनी आतून म्हणाली, "घालत्यात आबा, पदरचं लई घालत्यात." आम्ही सगळे हसलो. दादाही हसला. मग त्याने स्टो घेतला, घासलेट घातलं, पिन कशी मारायची, पंप किती मारायचा, चावी कधी सोडायची, हे वहिनीला दाखवलं. तिला भीती वाटत होती. आठवडाभरात भीती गेली. ती चटकन शिके, फक्त पाटीवर शिकायला तयार नसे.

पुढचा सामना लागला त्या बाजाराला आबा आले. थोडा वेळ पेठेत बसले आणि लेकीला भेटायला घरी गेले. मी शाळा सुटल्यावर घरी न जाता बांगड्या बघत पेठेतच थांबले. घरी तेवढी दोघंच होती. पुढचं आबांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, वर्षभरात. ते ओट्यावर टेकले होते. वहिनीने त्यांच्यासाठी चहा ठेवला. आतून म्हणाली, "आबा, बगा आता, ओव्हर संपायच्या आत." ओव्हर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं. स्टो पेटत नव्हता म्हणून तिने पिन मारली, पंप मारला, परत मारला. मग भडका आला आणि लुगड्याच्या पदराने पेट घेतला. आबांनी घोंगडी टाकून तिला विझवलं. घोंगडी पुरी पडली नाही तिथे हातांनी विझवलं.

दवाखान्यात फौजदार जबानी घ्यायला आले. तरुण सून भाजली की ते यायचेच. तिने सांगितलं, "पदर लागला. कुनाचं काय न्हाई त्यात." दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्याशी ती फार बोलली नाही. तिला बोलणं जड जात होतं. एकदा म्हणाली, "आबांच्या हाताला लावा काय तरी. त्यांचं कोनी बगंना झालंय." ते खरं होतं. आबा दाराबाहेर हात पुढे धरून बसले होते आणि त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

बाराव्याला मार्गासनीची माणसं आली. कोणी वेडंवाकडं बोललं नाही. एक बाई माझ्या गळ्यात पडून रडताना म्हणाली, "त्या रेडिओचं मढं निगालं." दादाने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट राहिली. आबांना समोर बसवून सांगायचं, की ते शब्द माझे होते, मी जुळवले, लोकांच्या मनात जावेत म्हणून नीट विचार करून जुळवले, आणि तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवून स्टो आणलात. आबांनी हे ऐकावं आणि मग काय म्हणायचं ते म्हणावं. त्याला माफी हवी होती असं मला वाटत नाही. त्याला आपले शब्द आपल्या नावावर लावून हवे होते.

तो पेठेत बोलायला बसेना. दुकानदाराने फार आग्रह केला नाही, माणूस वाईट नव्हता. कॉलेजात एक वर्ष काढून परत आलेला एक तरुण त्याने बसवला. त्या तरुणाने स्वतःचं नवं वाक्य केलं होतं, थोडं यमकाचं. मी घरी जाताना ऐकलं, की गर्दीतला एकजण म्हणाला, "ह्ये नवीन नगं. त्ये आधणाचं म्हना." इतरांनीही तेच लावून धरलं. तरुणाने ते आधणाचं म्हटलं. लोक त्याच्याबरोबर म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. आमच्या घरी बसायला येऊन गेलेली दोन माणसं त्या गर्दीत होती. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. शब्द ज्याचे होते आणि ज्या घरावर ते उलटले, त्यांच्याशी ते त्यांच्या मनात जोडलेलेच नव्हते. ते आता सामन्याचे झाले होते.

शाळेत माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत लंगडी खेळत. एक पाय उचलून, अंगणभर उड्या मारत त्या म्हणत, "ओव्हर संपायच्या आत चहाला आधण." दम संपेपर्यंत तेच. त्यांच्या भावांनी पेठेतून आणलं असणार. मी खिडकीशी उभी राहून ऐकलं. त्यांना गप्प करायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी वर्गात जाऊन फळा पुसला.

चैत्रात दादा मला घेऊन मार्गासनीला गेला. आबा ओट्यावर होते. हात बरे झाले होते, म्हणजे कातडी आली होती, चकचकीत आणि आवळलेली. बोटं पुरती उघडत नव्हती. आत वहिनीची आई दळत होती. पाणी झालं, गूळ झाला. पेंढ्याच्या भावाचं बोलणं झालं. मग दादा म्हणाला, "मामा, मला एक सांगायचंय."

"बोला."

"ते रेडिओनं सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हाही म्हणालो होतो. ते माझे शब्द होते. मी केले होते ते."

आतलं जातं थांबलं.

आबांनी रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते हळू बोलले. "जावईबापू, त्ये नगा बोलू."

"पण ते खरं आहे, मामा."

"आसंल. आसू द्या. पर त्ये तुमी बोलला आसाल, तर मंग म्या तुमच्या दारात यायचं कसं? लेक तर गेली. तुमी हायसा, ह्या ताई हायत, तेवढंच हाय माझं तिकडं. रेडिओ बोलला आसंल, तर येता येतंय मला. म्हनून त्यो रेडिओच बोलला. आलं ध्यानात?"

आत जातं पुन्हा सुरू झालं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. नसरापूरला एस.टी.ची वाट बघत आम्ही उन्हात उभे राहिलो. तिथे तो एवढंच म्हणाला, "त्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

मला तसं वाटत नाही. पण मी तसं म्हटलं नाही.

त्यानंतर आबा येत राहिले. वर्षात चारदा, पाचदा. ओट्यावर बसत. मी चुलीवर चहा करी. भात कसा झाला, पाऊस किती झाला, भाटघरच्या धरणात पाणी किती चढलं, असं दोघं बोलत. मध्येच आबा आपणहून म्हणायचे, "त्यो मुंबईचा मानूस. त्याला काय ठावं आपली मानसं कशी हायत. बोलून गेला." ते दादाकडे न बघता म्हणत. दादा खाली बघायचा. आबा त्याला सोडवायला म्हणत असतील. पण दर वेळी दादाच्या तोंडची गोष्ट ते काढून घेत, आणि मग ती सांगायला त्याच्याजवळ कोणी उरत नसे. मला ते बघवत नसे. मी चहाचे पेले घेऊन आत जायची.

दादाने दुसरं लग्न केलं नाही. तो अर्ज लिहीत राहिला. पूर्वी तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "असं लिहू या, म्हणजे साहेब हलेल." आता माणूस सांगेल तेवढंच लिहायचा. कोणी म्हणालं, "जरा जोर लावा की अर्जाला," तर म्हणायचा, "जोर दुसरीकडं मिळतो. तिकडं जा." त्याची बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली. सामन्याच्या दिवसांत तो पेठ टाळून भाटघरच्या रस्त्याने लांबवर चालत जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. पुढे घरोघर रेडिओ झाले, आमच्या आळीतही झाले. आमच्याकडे कधी आला नाही.

शाळेच्या पुस्तकांखेरीज मी पुष्कळ वाचलं. कुठल्याही पुस्तकात मला त्याच्यापेक्षा नेमकं सांगितलेलं सापडलं नाही, की माणसाच्या मनात शब्द कसा शिरतो. थांबलेला श्वास, एक वाक्य, रोज तेच, आणि आवाज न बदलता. त्याने ते साबणासाठी आणि स्टोसाठी शोधून काढलं. ते खरं होतं म्हणून तर ते आबांपर्यंत पोचलं. ते जरा कमी खरं असतं तर आबांनी गूळ आणला असता, लुगडं आणलं असतं.

आबा एका पावसाळ्यात गेले. ओढ्याला पाणी होतं, आम्हाला तिसऱ्या दिवसापर्यंत पोचता आलं नाही. वहिनीच्या आईने दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुमची लई याद काढली." त्यांनी काय याद काढली, हे दादाने विचारलं नाही. नंतर त्या बाजूचं आमच्याकडे कोणी आलं नाही.

दादा मागच्या दिवाळीआधी गेला. शेवटी तापात तो पुष्कळ बोलला, पण ते सगळं अर्जांचं होतं. कोणाची जमीन, कोणाचा बांध.

दुकान आता नाही. ते वाक्य कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. ते शब्द माझ्या भावाचे होते, हे ठाऊक असलेली मी एकटी उरले आहे.